सासूबाईंचा न दुखणारा गुडघा

४ फेब्रुवारी, रविवार

आज सासूबाई खुर्चीवर टेकल्याच नाहीत आणि मी खुर्चीवरून उठले नाही.

हे सांगायचं कुणाला? नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. फोन आला की आधी ‘आई कशी आहे’ आणि रेंज उरलीच तर ‘तू कशी आहेस’. त्याला सांगितलं तर खो खो हसेल. मैत्रिणीला सांगितलं तर उद्या चारचौघींत होईल. म्हणून ही डायरी. दातांचं सामान विकणाऱ्या कंपनीने लॅबमध्ये वाटलेली आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसरी दाढ. हस बाई, तूही हस.

टँगो शिकायची कल्पना माझी होती. हे एकदा कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं, कारण आता कुणाला ते आठवत नाही. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर जुनी व्यायामशाळा आहे. मी खाली कवळ्या घासत बसायचे आणि वरून बुटांचा सरकता आवाज यायचा. एक दिवस जिना चढून गेले आणि नाव घातलं. नवरा फोनवर म्हणाला, “आईलाही ने ना, एकटी घरात काय करेल?” मी म्हटलं, येतील का त्या? तर त्या दारातूनच म्हणाल्या, “चप्पल कुठली घालू?”

आता दर रविवारच्या नाचाच्या बैठकीत हॉलच्या दोन्ही भिंतींना खुर्च्या असतात आणि मध्ये रिकामी फरशी. शिकवणाऱ्या बाई कित्येक वर्षं या नाचाच्या मूळ शहरात राहून आल्यात. तिथली रीत त्यांनी इथे लावलीय. कुणी उठून जवळ जायचं नाही, ‘येता का’ विचारायचं नाही. लांबूनच बघायचं. समोरच्याने नजर दिली तर मान जराशी हलवायची, त्याने हलवली की झालं ठरलं. नको असेल तर त्याने दुसरीकडे बघायचं. तीन-चार गाण्यांची एक फेरी, मग थोडं वेगळंच संगीत लागतं, जोड्या सुटतात, बाईला तिच्या खुर्चीपर्यंत सोडायचं, आणि पुन्हा बघाबघी. याला परदेशी शब्द आहे. सासूबाई नुसतं ‘खूण’ म्हणतात.

“यात कुणाचा अपमान होत नाही,” बाई म्हणतात, “नकार दिलेला कुणाला कळतही नाही.”

खुर्चीला कळतो.

११ फेब्रुवारी, रविवार

आमच्यात सगळ्यात छान नाचतात ते घड्याळजी. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून हे नाव. हात असा ठेवतात म्हणे, की जणू पाठीत स्प्रिंग आहे आणि ती मोडायची नाहीये. हे वर्णन सासूबाईंचं. मला कुठून माहीत असणार?

आज ठरवून त्यांच्या बरोबर समोर बसले. पूर्ण वेळ बघत होते. त्यांचा खालचा पुढचा दात शेजारच्यावर चढलाय, आणि वरच्या सुळ्याला जुनं भरण आहे, ते काळं पडत चाललंय. इतकं नीट बघितलं तरी त्यांना कळू नये? त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, गोंधळल्यासारखं ओठांवरून हात फिरवला आणि सासूबाईंकडे वळले. अजून कसं बघायचं? डोळे बाहेर काढून ठेवायचे का?

पुढे तर कहर. फेरी संपल्यावर त्यांनी सासूबाईंना खुर्चीपाशी सोडलं, तेव्हा सासूबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोघं हसले. मग त्यांनी मला खूण केली! मी गेले, पण सगळा वेळ मनात हेच, की काय बोलल्या असतील? ‘सून बघा कशी भिंतीला चिकटलीय.’ दोन वेळा त्यांच्या बुटावर पाय दिला. एकदा चुकून.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमध्ये एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. टोचते म्हणे. घरी आले तर सासूबाई झाडू समोर उभा धरून उलटी पावलं टाकत होत्या, डोळे मिटून. मला बघून थांबल्यासुद्धा नाहीत.

चहा पिताना म्हणाल्या, “अगं, हे गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणी हातच ठेवला नव्हता. डॉक्टर सोडला तर. तोही ‘खोकून दाखवा’ म्हणायला.”

मी म्हटलं, “चहा गार होतोय.” माझाही नवरा सहा-सहा महिने नसतो, मी सांगत फिरते का कुणाला?

२५ फेब्रुवारी, रविवार

नको ते करून बसले.

सारखं बघून बघून मान अवघडली होती. म्हटलं, खड्ड्यात गेली ती खूण. उठले, सरळ फरशी ओलांडली आणि घड्याळजींपुढे जाऊन उभी राहिले. “नाचायचं का?” हॉलमध्ये एकदम शांतता, म्हणजे मला तशी वाटली. ते उठले. नाही कसं म्हणणार, सगळे बघत होते! फेरी पूर्ण केली, पण चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा. तो चेहरा मी रोज बघते. मध्ये मी बोलून गेले, “थँक्यू हं, तुम्ही नाचलात म्हणून,” तर ते चक्क थांबले. बाईंनी सांगितलं होतं, मी विसरले: नाचात आभार मानणं म्हणजे ‘पुरे झालं’. मग मला ‘नाही नाही, पुरे नाही’ असं म्हणावं लागलं. फरशी दुभंगली असती तर बरं.

नंतर बाई शेजारी येऊन बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमचं चुकलं असं नाही. थंड देशातल्या बैठकांत बायका बिनदिक्कत जाऊन हात पुढे करतात, पुरुषांची वाट बघत नाहीत. आणखी एका ठिकाणी मी पाहिलंय, विचारल्यावर नाही म्हणणं म्हणजे भांडणच. आपल्याकडे मी ही रीत का लावली? कारण बायकांना नाही म्हणता येत नव्हतं. कुणी येऊन हात पुढे केला की उठायच्या बिचाऱ्या. नजर चुकवणं सोपं जातं.”

“आणि ज्यांच्याकडे कुणी बघतच नाही त्यांनी काय करायचं?”

“आधी तुम्ही कुठे बघता ते बघा,” त्या म्हणाल्या. म्हणजे काय कोण जाणे. समोर बघते, आणखी कुठे?

जिना उतरताना सासूबाईंनी माझा दंड धरला होता. म्हणाल्या, “धीट आहेस हो.” टोमणा. काय कळत नाही का मला?

५ मार्च, मंगळवार

सतरा तारखेला मोठी बैठक आहे. परदेशांतले नाचणारे येणार, आणि त्या मूळ शहरातून बाईंचे वृद्ध गुरुजीही. बाईंनी परवा सगळ्यांसमोर सासूबाईंना सांगितलं, “ते फार थोड्यांबरोबर नाचतात. पण तुमच्याकडे नक्की बघतील.”

सासूबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. या वयात!

फोन आला तर नवरा म्हणतो, “आईचा व्हिडिओ काढ हं, इथे सगळ्यांना दाखवायचाय.” मी म्हटलं, मीपण नाचते तिथे. तो म्हणाला, “हो हो, तुझाही काढायला सांग कुणाला तरी.”

कुणाला तरी.

आता बाई सगळ्यांना दोन्ही बाजू शिकवतात, जोडीदाराला नेण्याची आणि त्याच्या मागे जाण्याचीही. नेणारीच्या जागी मला जरा बरं जमतं. निदान तिथे कुणी आपल्याला निवडायची वाट बघायला नको.

१७ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

दुपारी हॉल भरला होता. खिडक्या उघड्या, पडदे काढलेले. पाहुणे आपापल्या रीती घेऊन आले होते. थंड देशातली एक सोनेरी केसांची बाई आल्या आल्या तरातरा घड्याळजींपुढे गेली आणि हात पुढे. ते टोमॅटोसारखे लाल. पण गेले नाचायला, आणि मजेत नाचले! मी केलं तेव्हा दाढ दुखत होती, तिने केलं तर गंमत. मनात नोंद केली.

गुरुजी शेवटी आले. बारीक, ताठ, पांढऱ्या मिश्या, स्वतःचे दात. दाराजवळच्या खुर्चीवर बसून सगळा हॉल निवांत न्याहाळत होते. सासूबाई पलीकडच्या भिंतीशी बसल्या होत्या. निळी साडी, नवे बूट, हात मांडीवर. त्या गुरुजींकडे बघत नव्हत्या, पण बघत नाही हे लांबूनही दिसत होतं.

मी पाणी प्यायला गेले तर गुरुजीही तिथेच पेला घेऊन उभे. त्यांना आपली भाषा येत नाही, मला त्यांची नाही. त्यांनी सासूबाईंकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी उचलली आणि माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. म्हणजे, त्या तुमच्याच ना? कशा नाचतात?

मी काय करायला हवं होतं? मान हलवायची होती. बस, तेवढंच.

मी सासूबाईंकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कळ आल्यासारखं तोंड केलं. मग दोन्ही हात हलवून दाखवलं, की त्या नाही म्हणू शकत नाहीत हो, भिडस्त आहेत, तुम्हीच विचारू नका.

त्यांनी ताबडतोब छातीवर हात ठेवला. इतक्या सभ्यपणे मान झुकवली की क्षणभर मलाच खरं वाटलं. घड्याळजी शेजारीच होते, म्हणाले, “अरेरे, गुडघा? बोलल्या नाहीत कधी!” मी म्हटलं, “त्या कुठे बोलतात.”

त्यानंतर जे झालं ते मी केलं नाही. ते सगळ्यांच्या चांगुलपणाने केलं. गुरुजींची नजर सासूबाईंवरून अलगद सरकून जायची. घड्याळजींनी आमच्यासोबत शिकणाऱ्या बँकेतल्या काकांना सांगितलं, काकांनी आणखी कुणाला. सासूबाई बघत होत्या, एकाकडे, मग दुसऱ्याकडे, आणि ज्याच्याकडे बघतील तो प्रेमाने दुसरीकडे बघत होता. फेरीमागून फेरी. एकाने येऊन त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली. दुसऱ्याने पायाखाली स्टूल सरकवलं. त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. मग पाय उचलून त्यावर ठेवले, कारण आणून देणाऱ्याला वाईट वाटू नये.

आणि गुरुजींनी मला खूण केली. मी नाचले त्यांच्याबरोबर. हॉलने बघितलं. ते खूप छान नाचतात, असं म्हणतात. मला एक पाऊलही आठवत नाही.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, “छान दिसत होतीस.” तेवढंच.

१८ मार्च, सोमवार

काही झालं नाही. एक दिवस नाही नाचल्या म्हणून कुणी मरत नाही. मी किती रविवार बसून काढलेत.

२४ मार्च, रविवार

आजही कुणी त्यांना खूण केली नाही. स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं.

कुणी विचारतच नाही, त्यामुळे कुणाला काही कळतही नाही. तोंडाने विचारायची रीत असती, तर एकाने तरी म्हटलं असतं, ‘गुडघा कसा आहे?’ आणि माझं बिंग फुटलं असतं. बाईंची रीत फारच उपयोगी आहे.

मलाही आज कुणी बोलावलं नाही. गुरुजींबरोबर नाचूनसुद्धा. कमाल आहे.

३१ मार्च, रविवार

सासूबाई आल्या नाहीत. दुपारी जेवणं झाल्यावर मी साडी बदलत होते, त्या खुर्चीवरच. “तू जा,” म्हणाल्या. “वय दिसतंच गं. लोक चांगले आहेत, तोंडावर कुणी काही बोललं नाही. समजून घ्यायचं आपण.”

नवे बूट खोक्यात घालून कपाटावर ठेवलेत. मीही गेले नाही.

संध्याकाळी फोन आला. नवरा म्हणाला, “आईचा आवाज असा का येतोय?” मी म्हटलं, रेंज नसेल.

७ एप्रिल, रविवार

एकटी गेले. म्हटलं, आता तरी.

सगळी दुपार बसून होते. लोक माझ्याकडे बघायचे आणि त्यांची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जायची. शेवटी चहाच्या टेबलापाशी घड्याळजी आले. “सासूबाई कशा आहेत? फार चुकल्यासारखं वाटतं हो.”

“बऱ्या आहेत.”

“आमची तर सवयच झाली होती. फेरी संपली की त्या सांगणार, आता माझ्या सुनेकडे बघा, ती बिचकते, माझ्यापेक्षा छान ऐकते गाणं. मला वाटतं प्रत्येकालाच सांगायच्या.” मग जरा चाचरत म्हणाले, “राग मानू नका, पण तुम्ही दातांकडे बघता. डोळ्यांकडे बघतच नाही. मला पहिल्यांदा वाटलं, दातात काही अडकलंय की काय. त्याच म्हणाल्या, नाही हो, तिचं कामच ते. तुम्हीच तिची नजर पकडा.”

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला आणि पाय नेतील तशी घरी आले.

ते हसणं. ते कानाशी बोलणं. मला मिळालेली प्रत्येक फेरी. माझी अशी एकसुद्धा नव्हती.

आणि लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं, तेही खरं लिहिते. राग आला. हेसुद्धा त्यांनीच दिलेलं? यातही त्याच मोठ्या?

९ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

वाळलेल्या चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या.

“आई, तुमचा गुडघा दुखतो असं मी सांगितलं.”

“कुणाला?”

“गुरुजींना. घड्याळजींनी ऐकलं, मग सगळ्यांना कळलं. म्हणून कुणी खूण करत नव्हतं.”

त्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. “माझा गुडघा? त्याला काय झालंय?”

“काही नाही झालेलं.”

“मग का सांगितलंस?”

“मला बघवत नव्हतं.”

“काय बघवत नव्हतं?”

“तुम्ही.”

त्यांच्या हातातली टोकं सुटली. चादर जमिनीवर. मग म्हणाल्या, “मी आरशात बघत होते गं. रोज. म्हटलं, एकदम काय दिसलं लोकांना? मान दिसली? हाताच्या शिरा? अंगाला वास येतो की काय, म्हणून साबण बदलला मी.”

नवा साबण मी न्हाणीघरात पाहिला होता. माझ्या मनात आलं होतं, आता हे कोणासाठी.

“तुला सलत होतं तर सांगायचंस ना. मी घरी बसले असते.”

“नसतात बसल्या.”

त्यांनी विचार केला. “नसते बसले,” म्हणाल्या. मग चादर उचलली, एकट्यानेच घडी घातली, वेडीवाकडी. “मला सांगितलंस. आता त्यांना सांग. मी काही दारोदार गुडघा दाखवत फिरणार नाही.”

१४ एप्रिल, रविवार

सांगितलं. दोन फेऱ्यांच्या मधल्या संगीतात, मधोमध उभी राहून. बाईंनी गाणं बंद केलं, ती शांतता खरी होती. “सासूबाईंचा गुडघा ठणठणीत आहे. मी खोटं बोलले. मला त्यांचा हेवा वाटत होता.” एवढंच पाठ केलं होतं, तेवढंच बोलले. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून आहे तिथेच उभी राहिले.

बँकेतले काका उठले, स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, “बसा आता,” आणि गाणं लावलं. कोणी रागावलं असतं तर सोपं गेलं असतं.

सासूबाई दाराशी बसून बूट घालत होत्या. पट्टा लावून होईपर्यंत वर पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा हॉलच्या चारी कोपऱ्यांतून माना हलत होत्या.

माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढतात, दार उघडतात, बोलत नाहीत.

गुरुजी केव्हाच परत गेलेत. ते काही परत येणार नाहीत. ती एक फेरी मी खाऊन टाकली, आणि तिची भरपाई नाही.

२१ एप्रिल, रविवार

आज मी नेणाऱ्यांच्या भिंतीला बसले. आठवडाभर घरात एकटीने सराव केला होता, बंद खोलीत. सासूबाई समोर, चार खुर्च्या सोडून खिडकीपाशी.

त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मी त्यांचे डोळे असे आधी पाहिलेच नव्हते. एकाच्या कडेला तपकिरी ठिपका आहे. त्यांनीही पाहिलं, सरळ, न लाजता. मी मान हलवली.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

कुणाला कळलं नाही. शेजारच्या काकांनाही नाही. रीतीप्रमाणे मीही काही झालं नाही अशी बसून राहिले, पुन्हा बघितलं नाही. नवीन आलेल्या एका टकल्या गृहस्थांनी त्यांना खूण केली आणि त्या उठल्या. त्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवला, अगदी अलगद, आणि सासूबाईंनी डोळे मिटले. मी बघत होते. जळफळाट तसाच, तो काही गेलेला नाही. फक्त आज सासूबाईंचा नव्हे, त्या माणसाचा हेवा वाटला. तो नुसता खुर्चीवरून उठला आणि त्याला मिळालं.

घरी निघताना त्या पुढे, मी मागे. लॅबच्या बंद दाराशी त्या थांबल्या आणि कठडा धरून बुटांचा पट्टा सैल केला. बारा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, तेही पट्ट्याकडे बघत.

“पुढच्या रविवारी शेवटून दुसऱ्या फेरीला माझ्याकडे बघ. शेवटची दिलेली आहे.”

माझ्या तोंडून निघून गेलंच. “कुणाला?”

“असं तोंडाने विचारतात का?” सासूबाई म्हणाल्या आणि खाली उतरू लागल्या.